माझ्या शिफ्टमधली माणसं मला खरं का सांगत नाहीत?

रबाळे_पेस्टिंग

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसता वाचतो आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. लांबलाय, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरही अर्धवटच मिळेल.

रबाळे एमआयडीसीत औषधांची खोकी बनवणाऱ्या एका कारखान्यात मी १४ वर्षं आहे. डाय-पंचिंगवर, म्हणजे डायने (पात्यांच्या साच्याने) पुठ्ठा कापतात तिथे, हेल्पर म्हणून लागलो, मग ऑपरेटर झालो. दीड वर्षापूर्वी पंचिंग आणि पेस्टिंग (कापलेली खोकी चिकटवणं) या दोन्ही खात्यांचा शिफ्ट इनचार्ज केलं. माझ्याकडे ३४ माणसं आहेत, त्यातली १९ ठेकेदाराची. या दीड वर्षात ११ जण सोडून गेले.

गेल्या महिन्यात एक लॉट परत आला. ५०० मिलिग्रॅमच्या खोक्यांत ६५० ची खोकी मिसळली होती. ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. रंग थोडा फिका आला तर ग्राहक कुरकुर करून का होईना माल घेतो. मिसळ झाली तर काही ऐकून घेत नाही, कारण ते खोकं शेवटी कुठल्या तरी आजारी माणसाच्या हातात जातं. म्हणून एक जॉब संपला की टेबल, ट्रे, पट्ट्याखालची जागा, सगळं रिकामं करून तपासायचं आणि मगच दुसरा जॉब लावायचा, असा नियम आहे. त्या दिवशी कागदावर तो पाळलेला होता. सही माझीच.

चौकशीत कळलं की पेस्टिंगच्या टोकाला गठ्ठे बांधणाऱ्या एका पोराने ती वेगळी खोकी पाहिली होती. चार-पाच दिसली, त्याने काढून बाजूला ठेवली आणि गप्प बसला. आणखी असतील हे त्यालाही कळत होतं. बाजूला घेऊन विचारलं तेव्हा म्हणाला, "साहेब, सांगितलं असतं तर माझ्यावर आलं असतं. नाही सांगितलं तर सगळ्यांवर आलं."

मग थोडा वेळ थांबून म्हणाला, "दादांना तुम्ही काय बोललात ते आम्ही ऐकलं होतं."

त्याचं खरं होतं. आठवडाभर आधी पंचिंगवरच्या आमच्या जुन्या ऑपरेटरने स्वतः येऊन सांगितलं होतं की क्रीजिंगची, म्हणजे घडीची रेघ पाडणारी, पट्टी चुकीच्या जाडीची लागली आणि ८०० शीट वाया गेल्या. मी त्यांना शिफ्ट बदलताना, दोन्ही शिफ्टची माणसं उभी असताना, नको नको ते बोललो. ते माझ्याहून सहा वर्षांनी मोठे. डाय बसवायला मला त्यांनीच शिकवलं.

तेव्हापासून नीट झोप लागत नाही. मी हेल्पर होतो तेव्हा मीही असाच गप्प बसायचो आणि आमच्या त्या वेळच्या इनचार्जचा राग करायचो. आज माझ्याबद्दल कुणाला तसं वाटत असेल हे सहन होत नाही. पण वरून रोजचा आकडा तोच आहे, माल न्यायची गाडी साडेपाचलाच लागते आणि शिस्त सोडून चालणार नाही. ज्यांनी माणसं सांभाळली आहेत त्यांनी कृपया स्वतःचे अनुभव सांगा. कोर्सची नावं नकोत.

घणसोली_सेक्टर९

११ जण गेले म्हणजे प्रश्न पगाराचा आहे. आधी तो बघा.

वॉर्ड_सिस्टर

ठाण्यातल्या एका रुग्णालयात २२ वर्षं नोकरी झाली, त्यातली ८ वर्षं वॉर्ड इनचार्ज म्हणून. तुमचं खोकं जिथे पोचतं त्या टोकाला मी उभी असते, म्हणून लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

माझ्या आधीच्या इनचार्जच्या काळात औषधांच्या चुकांचं रजिस्टर स्वच्छ होतं, महिनेच्या महिने कोरं. वरिष्ठ खूश असायचे. मी आले आणि तीन महिन्यांत त्यात १७ नोंदी झाल्या. मला बोलावून विचारलं, तुमच्या वॉर्डात अचानक काय बिघडलं? बिघडलं काहीच नव्हतं. मुली लिहायला लागल्या होत्या.

नंतर कळलं की यावर अमेरिकेत अभ्यासही झालेला आहे. एमी एडमंडसन नावाच्या संशोधक बाई रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका तपासत होत्या. जिथली माणसं एकमेकांना धरून काम करतात तिथे चुका कमी सापडतील, असा त्यांचा अंदाज होता. आकडे उलटे आले, चांगल्या वॉर्डांत चुका जास्त. खोलात गेल्यावर उलगडलं की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, उघडपणे सांगितल्या जात होत्या. १९९६ साली ते प्रसिद्ध झालं. पुढे १९९९ मध्ये त्यांनी एका उत्पादन कंपनीतल्या ५१ गटांवर काम केलं. म्हणजे हे फक्त दवाखान्यापुरतं नाही.

मी काय केलं ते सांगते. "कुणी केलं?" हा प्रश्न आधी विचारायचा नाही, एवढंच स्वतःला लावून घेतलं. पहिला प्रश्न "पेशंट कसा आहे?" दुसरा "कसं झालं, मला दाखव." त्या १७ पैकी ५ नोंदी एकाच कारणाच्या निघाल्या. सारख्या दिसणाऱ्या दोन औषधांच्या काचेच्या कुप्या शेजारच्या खणात ठेवलेल्या होत्या, आणि रात्री तीन वाजता डोळे थकलेले असतात. आम्ही खण बदलला. पाच वेळा पाच मुलींना रागावून ते झालं नसतं.

तुमच्यासाठी पहिलं काम मात्र वेगळं आहे. त्या ऑपरेटर दादांची माफी मागा. केबिनमध्ये बोलावून नको. जिथे बोललात तिथेच, शिफ्ट बदलताना, तीच माणसं उभी असताना. त्या पोराने जे पाहिलं ते केबिनमधल्या माफीने पुसलं जाणार नाही.

वागळे_गाळा

मी दुसऱ्या बाजूने लिहितो, कारण कुणी तरी लिहायला हवं. वागळे इस्टेटमध्ये माझा गाळा आहे, २६ माणसं, वडिलांनी सुरू केलेला धंदा. मालकाच्या खुर्चीतून हे सगळं वेगळं दिसतं. लॉट परत आला की डेबिट नोट, म्हणजे पैसे कापल्याचा कागद, माझ्या नावाने फाटते. बँकेचा हप्ता माणसांचा मूड बघत नाही. आणि शेजारच्या गाळ्यात हजार रुपये जास्त मिळाले की चार वर्षं सांभाळलेला माणूस सोमवारी येत नाही. फोनही उचलत नाही.

शिफ्ट इनचार्जने सगळ्यांसमोर माफी मागितली तर उद्या त्याचं कोण ऐकणार? ८०० शीट ही चूकच होती. चुकीला चूक म्हणायचंच नाही का? माझा कुणाच्या भावनेला विरोध नाही, पण गाडी साडेपाचला लागते हे खरंच आहे.

रबाळे_पेस्टिंग

वागळे साहेब, तुमची भीती मला कळते, रात्री मीही हाच विचार करतो. एक मात्र आहे. ते दादा ८०० शीटवर थांबले आणि सांगायला आले. पुढच्या वेळी आले नाहीत तर ८००० जातील, आणि मला डिस्पॅचनंतर कळेल.

सिस्टर, माफीचं वाचून पोटात गोळा आला. तरी विचार करतो आहे.

बेलापूर_रोड_१९८२

मी ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका रासायनिक कारखान्यात १९८२ ते २०११ कार्मिक खात्यात होतो. तो कारखाना आता नाही. त्या जागी काचेची इमारत आहे आणि तिथे मुलं गळ्यात ओळखपत्र घालून जातात.

माणसांच्या कलाने नेतृत्व करणं ही नवी किंवा परदेशी कल्पना आहे असं तरुण मंडळींना वाटतं, म्हणून थोडं मागे जातो. नारायण मेघाजी लोखंडे आपल्या ठाण्यातच जन्मले, जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी. गिरणीत भांडारपाल म्हणून नोकरी केली होती, त्यामुळे खात्यातली धूळ त्यांनी खाल्ली होती. १८८४ साली त्यांनी साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. मागण्या काय होत्या? रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त. अपघातात जखमी झालेल्याला भरपाई. आणि महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. साप्ताहिक सुट्टी मिळायला १० जून १८९० उजाडला. आज आपण रविवारी मटण आणायला जातो, त्यामागे हा माणूस आहे.

त्या यादीत एकही भारी शब्द नाही. विश्रांती, सुट्टी, पगाराची तारीख. मी २९ वर्षं हेच पाहिलं. माणूस आधी या गोष्टींवरून ओळखतो की वरच्याला आपली पर्वा आहे की नाही.

म्हणून माझे दोन प्रश्न आहेत. एक, तुमच्या ठेकेदाराच्या १९ जणांचा पगार किती तारखेला होतो? कायद्याने ७ तारखेच्या आत व्हायला हवा, आणि ठेकेदाराने दिला नाही तर जबाबदारी मूळ मालकावर येते. दोन, गठ्ठे बांधणारी माणसं आठ तास उभी असतात का? उभ्याने काम करणाऱ्यांना संधी मिळेल तेव्हा बसता यावं म्हणून बैठकीची सोय करायची, हे १९४८ च्या कारखाने कायद्यात कलम ४४ मध्ये लिहिलेलं होतं. दुकानातल्या विक्रेत्या बायकांना तेवढ्यासाठी केरळमध्ये २०१८ पर्यंत झगडावं लागलं, तमिळनाडूत २०२१ पर्यंत. कागदावर असणं आणि खात्यात स्टूल असणं यात किती अंतर असतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

ऐरोली_ठाणे_डोंबिवली

माझं क्षेत्र आयटी. वरच्या काकांनी म्हटलेल्या काचेच्या इमारतीतलीच एक. आमच्याकडे कुणी ओरडत नाही, आवाज अगदी मऊ असतो, पण भीती असते. "मी एकटीच लवकर निघतेय का?" ही ती भीती.

बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा मिळाली, २०१७ च्या दुरुस्तीमुळे. त्याच कायद्याप्रमाणे ५० किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघर हवं. होतं, फक्त वाशीला, आणि ऑफिस ऐरोलीला. बाळाला घेऊन डोंबिवलीहून ठाणे, ठाण्याहून वाशी, मग उलट ऐरोली, कोण करणार? आढावा बैठक रोज संध्याकाळी साडेसहाला. पाच महिने मी रोज निघताना माफी मागत होते, मग राजीनामा लिहून ठेवला.

तेवढ्यात मॅनेजर बदलले. नव्या सरांनी पहिल्या आठवड्यात प्रत्येकाला एकच विचारलं, "तुझी लोकल कितीची?" नऊ जणांच्या लोकल फळ्यावर लिहिल्या आणि बैठक चारला आणली. अमेरिकेच्या क्लायंटबरोबरचा कॉल आळीपाळीने ठेवला, कुणालाही आठवड्यात दोनपेक्षा जास्त नाही. या दोनच गोष्टी केल्या. राजीनामा अजून ड्राफ्टमध्ये पडला आहे. चार वर्षं झाली.

नाव_नको_क्वालिटी

मूळ प्रश्न असा होता की शिस्त न सोडता माणसं वेळेत कशी सांगतील. टोयोटाच्या कारखान्यातल्या दोरीबद्दल बऱ्याच जणांनी ऐकलं असेल, पण ती बहुतेक वेळा अर्धीच सांगितली जाते, म्हणून लिहितो.

असेंब्ली लाइनच्या बाजूने दोरी असते, अंदोन म्हणतात. कुठल्याही कामगाराला काही खटकलं तर त्याने ती ओढायची. लोक सांगतात की दोरी ओढली की लाइन थांबते. प्रत्यक्षात आधी दिवा लागतो, सूर वाजतो आणि टीम लीडर चालत त्या माणसापाशी येतो. गाडी ठरलेल्या रेषेपर्यंत पोचायच्या आत दोघांनी मिळून अडचण सोडवली तर लाइन थांबतच नाही. नाही सुटली तरच थांबते. म्हणजे खरी गोष्ट दोरी नाही, त्या हाकेला कोणी तरी येणं आहे. मी नवी मुंबईतल्या दोन कारखान्यांत लाल बटणं बसवलेली पाहिली आहेत. दाबल्यावर कुणी येत नव्हतं. सहा महिन्यांत बटणांवर धूळ.

१९५० मध्ये जपानी उद्योगांना गुणवत्ता शिकवायला गेलेले डेमिंग पुढे १४ मुद्दे सांगत, त्यातला आठवा होता भीती घालवा. हे त्यांनी दयाबुद्धीने लिहिलेलं नाही, ते आकडेशास्त्राचे माणूस होते. घाबरलेला माणूस चुकीचा आकडा लिहितो आणि चुकीच्या आकड्यावर मशीन सुधारत नाही, इतका कोरडा हिशेब आहे.

वागळे साहेब, चुकीला चूक म्हणावंच. पण पट्टी चुकीच्या जाडीची का लागली? दोन जाडींच्या पट्ट्या एकाच डब्यात असतील तर उद्या दुसऱ्या कुणाकडून लागेल.

रबाळे_पेस्टिंग

एकाच डब्यात आहेत. आत्ता खाली जाऊन बघून आलो.

दिघा_ऑपरेटर

मी ऑपरेटर आहे. पेस्टिंगचाच. तुमच्या कंपनीत नाही. सगळ्या साहेब लोकांनी लिहिलं म्हणून मीपण लिहितो. चुकलं तर समजून घ्या.

साहेब, आम्हाला राग आलेला चालतो. माझा बाप पण रागवायचा. चार माणसांत केलेला अपमान चालत नाही. तो घरी घेऊन जावा लागतो. पोरगं विचारतं पप्पा काय झालं, आणि सांगता येत नाही.

आधीच्या कंपनीत मी ७ वर्षं होतो. इनचार्जला माझं नाव माहीत नव्हतं, ए पेस्टिंगवाले म्हणायचा. आई वारली तेव्हा गावाला गेलो, आल्यावर विचारलं नाही की कोण वारलं. विचारलं की एवढे दिवस का. मी त्याच महिन्यात सोडलं. नव्या जागी पगार ४०० रुपये कमी होता. घणसोलीवाल्या भाऊंनी लिहिलं पगार बघा. पगार बघाच, पण मी कमी पगारावर गेलो हेपण लिहा.

ठेकेदाराच्या माणसांचं सांगतो. आमचा पगार तेव्हा १४-१५ तारखेला व्हायचा. खोलीचं भाडं ५ ला. मग दहा दिवस घरमालकाला तोंड चुकवून जायचं. असा माणूस मशीनवर उभा असतो तेव्हा त्याचं डोकं मशीनवर नसतं.

माफी मागा साहेब. कोणी हसणार नाही.

बेलापूर_रोड_१९८२

दिघा_ऑपरेटर, तुम्ही कुठेही चुकलेला नाहीत. १८८४ सालच्या निवेदनातली १५ तारीख आणि तुमची १५ तारीख एकच आहे, हे वाचून बराच वेळ बसून राहिलो.

वागळे_गाळा

रात्रभर हा धागा डोक्यात होता. माझ्याकडेही ९ माणसं ठेकेदाराची आहेत. त्यांचा पगार किती तारखेला होतो हे मला सांगता आलं नाही. सकाळी विचारलं. १२.

रबाळे_पेस्टिंग (नऊ आठवड्यांनी)

उशीर झाला. काही तरी घडल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

माफी मागितली. पहिली शिफ्ट सुटताना, पावणेतीनला, पंचिंग मशीनसमोर. आदल्या रात्री कागदावर लिहून काढलं होतं, ऐन वेळी कागद खिशातच राहिला. म्हणालो, "दादा, त्या दिवशी तुम्ही स्वतः येऊन सांगितलंत म्हणून ८०० वर थांबलं. मी तुम्हाला शाबासकी द्यायला हवी होती. सगळ्यांसमोर बोललो ते चुकलं, म्हणून सगळ्यांसमोर माफी मागतो." कुणी काही बोललं नाही. दादांनी मान हलवली आणि बस पकडायला निघून गेले. मला वाटलं, फुकट गेलं. आठ-दहा दिवसांनी ते एक डाय घेऊन आले, मशीनवर चढवायच्या आधीच, आणि एका जागी पात्याची धार बसली आहे ते नखाने दाखवलं. पूर्वी त्यांनी चढवला असता आणि मी म्हणालो असतो तेव्हा उतरवला असता.

क्रीजिंगच्या पट्ट्यांना जाडीप्रमाणे वेगळे डबे केले, झाकणांना वेगळे रंग. खर्च २४० रुपये.

पेस्टिंगच्या टोकाला एक साधी घंटा लावली, आमच्या गावच्या शाळेत असते तशी. घंटा वाजली की दोन मिनिटांत मी किंवा असिस्टंट तिथे पोचणार, हे सगळ्यांना सांगितलं. पहिले बारा दिवस ती वाजली नाही. तेराव्या दिवशी त्याच पोराने वाजवली, शुक्रवारी संध्याकाळी. गाडी लागलेली, ड्रायव्हर खाली उतरून घड्याळ दाखवतोय. पोरगा म्हणाला, निळा रंग वेगळा वाटतोय. गठ्ठा शेड कार्डाबरोबर (ठरलेल्या रंगाच्या नमुन्याबरोबर) उजेडात धरून पाहिला. रंग बरोबर होता. त्याच्या टेबलावरची ट्यूब बदलली होती, तिचा उजेड पिवळट होता.

तो माझ्या तोंडाकडे बघत होता. त्याच्या मागे उभी असलेली सहा माणसंही बघत होती. खरं सांगतो, आतून संताप आला होता. मी म्हणालो, "बरं केलंस विचारलंस. ट्यूब बदलून घेऊ." गाडी १८ मिनिटं उशिरा सुटली. मॅनेजर साहेबांचा फोन आला, त्यांना सांगितलं की माझ्या जबाबदारीवर थांबवली.

त्यानंतर घंटा २३ वेळा वाजली. १४ वेळा काही नव्हतं. ९ वेळा होतं. त्यातल्या एकदा ट्रेच्या खाली मागच्या जॉबची ३ खोकी निघाली.

या नऊ आठवड्यांत दोघं सोडून गेले. एकाला गावी शेती बघायची होती. दुसऱ्याला शेजारी १२०० रुपये जास्त मिळाले. तो जाताना भेटायला आला आणि त्याच्या जागी स्वतःच्या चुलतभावाला लावून गेला.

स्टुलं सहा आली. पहिल्या दिवशी कुणी बसेना. मग मीच एकावर बसून अर्धा तास गठ्ठे बांधले.

वॉर्ड_सिस्टर

ती तीन खोकी आमच्याकडे आली असती. धन्यवाद. त्या पोरालाही सांगा.

वागळे_गाळा

स्टुलं कुठून घेतलीत? बसायच्या भागाची उंची टेबलाला जुळते का? माझं टेबल ३४ इंच आहे. मला ८ लागतील.

रबाळे_पेस्टिंग

महापेच्या एका फॅब्रिकेटरकडून. तो उंची मापाने करून देतो. ३४ च्या टेबलाला २४ ठेवा, आणि पाय टेकायला खाली आडवी दांडी मागा. ती नसली तर माणूस दहा मिनिटांत उठून उभा राहतो. नंबर निरोपात पाठवतो.

दिघा_ऑपरेटर

साहेब वाचून बरं वाटलं. ठेकेदाराच्या पगाराच्या तारखेचं काय झालं ते लिहिलं नाहीत.

रबाळे_पेस्टिंग

अजून झालं नाही. दोनदा वर बोललो. या महिन्यात ११ ला झाला, मागच्या महिन्यात १४ होती. ठेकेदार म्हणतो बिल उशिरा पास होतं, अकाउंट्स म्हणतात हजेरी उशिरा येते. हजेरी माझ्याकडून जाते, ती आता १ तारखेला सकाळीच पाठवतो आणि पोचल्याची सही घेतो. सोमवारी मालकांची वेळ मिळाली आहे, तिघांना एकत्र बसवायचं म्हणतोय. काय होतं ते इथे लिहितो.